तंतू श्वासाकडे वळले

कीर्तन उभं राहून करायचं. बसून केलं तर ते प्रवचन. असं कुठल्या ग्रंथात म्हटलंय ते सांगता येणार नाही, पण तासगावच्या अप्पा सोवनींच्या घरात त्यावर कधी वाद झाला नव्हता. "देवाच्या दारी आपण चाकर. चाकर उभाच असतो," एवढंच अप्पा म्हणत, आणि पंचाहत्तरी उलटली तरी अडीच-अडीच तास नारदाच्या गादीवर उभे राहत.

त्यांची एकुलती एक मुलगी ऋजुता. सहाव्या वर्षी त्यांनी तिच्या हातात झांजा दिल्या आणि पद शिकवता शिकवताच पाऊल शिकवलं. ध्रुवपदाला दोन पावलं पुढे, श्रोत्यांकडे. अंतरा संपताना मागे. समेवर टाच. गळा आणि पाय यांची तिच्या अंगात अशी गाठ बसली की स्वयंपाकघरात ती गुणगुणू लागली तरी पाय आपोआप सरकायचे आणि डाव हातात धरून ती ओट्यापासून मागे मागे जायची.

"आमटी ढवळतेस की उत्तररंग चाललाय?" तिचा नवरा अभिराम विचारायचा. तो तिच्या कीर्तनात तबल्याला बसायचा. पोटासाठी द्राक्षबागांत ओलावा मोजणारी यंत्रं बसवायचा, त्यासाठी नाशिकपासून विजापूरपर्यंत फिरायचा.

हे सगळं अपघाताच्या आधीचं. जतहून कीर्तन आटोपून येताना एका बिनड्रायव्हरच्या टेम्पोने त्यांच्या गाडीला बाजूने धडक दिली. अभिरामचं खरचटण्यावर निभावलं. ऋजुताचा मणका छातीच्या उंचीवर मोडला आणि आतला मज्जारज्जू चेंगरला. हात राहिले, आवाज राहिला. छातीखालचं सगळं गेलं.

लोकांना गेलेले पाय दिसायचे. गेलेला श्वास दिसायचा नाही. बोलण्यापुरता श्वास छातीच्या तळाशी असलेल्या एका पडद्यासारख्या स्नायूवर चालतो. त्याच्या नसा मानेतून येतात आणि त्या शाबूत होत्या. पण लांब ओळ एका दमात न्यायची, शेवटाला आवाज चढवायचा, तर बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू जोर लावतात. ते झोपले होते. देवस्थानांची बोलावणी अजून यायची. ती चाकाच्या खुर्चीत बसून प्रवचन करायची, मध्ये एखादं पद म्हणायची. म्हणताना ओळ दोन ठिकाणी तुटायची, आणि समोरची मंडळी इतकी भली की त्या तुटल्या जागी मान डोलवायची. ते डोलणं तिला फार लागायचं.

यंत्राचे पाय लावून पाहिले होते. उभी राहिली, पण प्रत्येक सुरामागे मोटरची घरघर, आणि पाच मिनिटांत रक्तदाब उतरून डोळ्यापुढे अंधारी. "मला खुंटीला अडकवलेल्या कोटासारखं वाटतंय," ती म्हणाली आणि तो विषय संपला.

मग चौथ्या वर्षी मिरजेहून बोलावणं आलं.

*

मज्जारज्जूवर संशोधन करणाऱ्या त्या केंद्रात डॉक्टर समीना शिकलगार होत्या. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवणाऱ्या घरातल्या. बोलताना टेबलावर बोटाने तार छेडल्यासारखं करायची त्यांना सवय होती.

"ताई, तुमच्या पाठीतले सगळे तंतू मेलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "पुष्कळ नुसते गप्प बसलेत. त्यांना गप्प बसवलंय."

"कुणी?"

"तुमच्याच शरीराने."

ऋजुताने अभिरामकडे पाहिलं. तो पुढे सरकून बसला होता.

"सोपं करून सांगते. प्रत्येक पेशीत एक मोठी पोथी आहे. त्यातल्या हव्या त्या पानाची नक्कल निघते, तिला म्हणायचं आरएनए. काही नकला बाहेर जातात आणि त्यांच्यावरून प्रथिनं बनतात. पेशीचं सगळं काम प्रथिनांवर. म्हणून कितीतरी वर्षं लोक तेवढ्याच नकलांकडे बघत होते. पण बहुतेक आरएनए कसलंच प्रथिन बनवत नाही. त्याला आधी कचरा म्हणायचे." त्या हसल्या. "तुमच्या कीर्तनात मागे साथीदार बसतात ना? आख्यानातला एक शब्द ते बोलत नाहीत. पण लय कधी चढवायची, कुठे थांबायचं, ते कुणाच्या हातात?"

"साथीदारांच्या," अभिराम पटकन म्हणाला. "हे मी घरी कधीपासून सांगतोय."

"डॉक्टर, याला असलं काही सांगू नका," ऋजुता म्हणाली. "आधीच लय चढवतो."

"तसाच हा न बोलणारा आरएनए. काही लांबलचक असतात, काही अगदी आखूड, वीस-बावीस अक्षरांचे. आखूड असतो तो प्रथिनाच्या वाटेवर निघालेल्या निरोपाला मध्येच चिकटतो. निरोप पोचतच नाही. लांब असतो तो पोथीचं कुठलं पान उघडायचं नि कुठलं बांधून ठेवायचं ते ठरवतो. मज्जारज्जूला मार बसला की यांचा तोल बिघडतो. त्यातला एक लांब आरएनए भरमसाट वाढतो आणि पेशींना सांगत सुटतो, दारं लावा, व्रण भरा, कुणी वाढू नका. पहिल्या दिवसांत ते बरोबरच असतं, नाहीतर सूज पसरेल. पण तो थांबतच नाही. जखम जुनी झाली तरी याचं 'वाढू नका, वाढू नका' चालूच."

"आमच्या देवस्थानच्या अध्यक्षांसारखं," ऋजुता म्हणाली.

डॉक्टर मोठ्याने हसल्या. मग गंभीर झाल्या. "त्याच्या अक्षरांना बरोब्बर जुळणारी एक छोटी साखळी आम्ही बनवतो. कमरेतून सुईने पाठीच्या पाण्यात सोडतो. ती त्याला जाऊन चिकटली की पेशी त्याचे तुकडे करून टाकते. दहा-एक आठवडे तो गप्प. तेवढ्यात तंतूंना अंकुर फुटतात. भरपूर नाही हं, थोडेच. ज्या अंकुराला काम मिळतं तो टिकतो. काम न मिळालेला झडतो. आणि हे एकदाच. दुसऱ्यांदा दिलं तर शरीर औषध ओळखतं आणि पोचायच्या आत खाऊन टाकतं."

"आणि काम मिळतं म्हणजे?"

"व्यायाम. जे कराल, तिकडे ते जातील. म्हणून आधी ठरवायचं. तुमच्या जखमेखाली दोन मोठी घरं आहेत. जवळचं छातीपोटाचं, म्हणजे श्वासाचं. लांबचं पायांचं. ज्यांनी दोन्ही मागितलं, त्यांना धड एकही मिळालं नाही. काय—"

"पाय," अभिराम म्हणाला.

ऋजुताचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं. त्याच्या आवाजात इतका आनंद होता, आणि तो तिने इतक्या दिवसांत ऐकला नव्हता. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. तबलजीचे हात. आता त्यांना तिला उचलून उचलून घट्टे पडले होते. रात्री अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळाने तिची कूस बदलावी लागे. परक्या बाईचा हात रात्री अंगाला लागलेला तिला खपायचा नाही, म्हणून ते त्यानेच करायचं. फिरतीची कामं त्याने केव्हाच सोडली होती.

"हो," ती म्हणाली. "पाय."

अप्पांना फोन केला. ते म्हणाले, "उभी राहा, बाळ. गादी रिकामी आहे."

*

सुई टोचली गेली. दुसऱ्या आठवड्यापासून पायांचा व्यायाम. पूर्वा माने नावाची फिजिओथेरपिस्ट होती, कवठेमहांकाळची, आवाज असा की केंद्राला भोंग्याची गरज नव्हती. ती ऋजुताला पट्ट्यांनी छताला टांगायची, पावलं सरकत्या पट्ट्यावर ठेवायची. मांडीवर आणि पोटावर चकत्या चिकटवलेल्या. स्नायूने थोडी जरी हाक ऐकली तरी पडद्यावर रेघ उठायची.

"चला ताई. पाय म्हणतोय नको, आपण म्हणायचं हो. उजवा!"

काही नाही. रेघ सपाट.

"डावा! अहो मनात आणा की. पाय उचलायचं मनात आणा."

"आणतेय गं. पण पाय उचलायचा असा एकटा विचार मी कधी केलाच नाही."

आठवडाभर हेच. एक दिवस ऋजुता वैतागली आणि ओठांतल्या ओठांत एक पद म्हणू लागली, अगदी सवयीने. ध्रुवपदाला रेघ हलली.

पूर्वा ओरडली. "परत! परत म्हणा ते!"

ऋजुताने परत म्हटलं. रेघ परत उठली. कोपऱ्यात बसलेला अभिराम उठून आला आणि खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला. समेवर रेघ टोकाला गेली. डॉक्टर समीना धावत आल्या, पाहिलं, म्हणाल्या, "हे फारच छान आहे. चालू ठेवा."

मग काय विचारता. अभिरामने तबला आणला. तासगावहून अप्पा रोज सकाळच्या बसने झांजा घेऊन यायला लागले. व्यायामाच्या खोलीत साथीसकट पदं आणि आख्यानं व्हायची, आणि बाकीचे रुग्ण आपापल्या खुर्च्या ढकलत दाराशी जमायचे. एकदा तर पूर्वाच म्हणाली, "आज पायाचं राहू द्या, कालची गोष्ट पुरी करा." रेघ रोज वाढत होती. अप्पा समोर उभे राहून पाऊल टाकून दाखवायचे आणि ती टांगल्या टांगल्या त्यांच्या पावलात मन घालायची.

एका सकाळी गाता गाता ती एकदम थांबली.

"दुखलं का?" अभिरामने विचारलं.

"नाही." ती चकित झाली होती. "ओळ पुरी झाली."

"कुठली ओळ?"

"आत्ताची. एका दमात. तुझ्या लक्षात नाही आलं?"

त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तो पायाची रेघ बघत होता. अप्पांच्या मात्र आलं होतं. त्यांनी झांजा खाली ठेवून डोळे पुसले.

*

अर्धा काळ उलटल्यावर स्कॅन केला. नव्या तंतूंवर चमकणारा रंग बसतो, म्हणजे कुठे किती वाढ झाली ते दिसतं. डॉक्टरांनी तिघांना खोलीत बोलावलं आणि या खेपेला त्यांचं बोट टेबलावर तार छेडत नव्हतं.

पडद्यावर काळा मज्जारज्जू. जखमेच्या लगेच खाली ठिपक्यांची दाटी, दिवाळीतल्या गल्लीसारखी. तिथून खाली, कमरेकडे, एखाद-दुसरा चुकार ठिपका.

"हे छातीपोटाचं घर," डॉक्टर म्हणाल्या. "अंकुर सगळे इथेच थांबलेत. ताई, तुम्ही पायांसाठी गात होता. तंतूंना फक्त गाणं ऐकू आलं."

"पण रेघ वाढत होती ना?" अभिरामने विचारलं.

"पोटाचे आणि कमरेचे स्नायू जागे होत होते, त्यांचा जोर मांडीच्या चकतीपर्यंत पोचत होता. तो पायाचा आहे असं मी धरून चालले. माझंही चुकलं. गाणाऱ्या माणसाला पाय चालवायला सांगितलं तर तो आधी श्वास घेईल, हे मला सुचायला हवं होतं. तंबोऱ्यांच्या घरातली ना मी."

अप्पा झांजांचा गोफ बोटांभोवती गुंडाळत बसले होते. "गळा आणि पाऊल वेगळं शिकवायला हवं होतं मी," ते स्वतःशीच म्हणाले. "सगळे वेगळं शिकवतात."

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "दोन वाटा आहेत. एक, पाय सोडायचे आणि राहिलेले आठवडे श्वासावरच घालवायचे. श्वास पक्का होईल, याची मला जवळजवळ खात्री आहे. दुसरी, पूर्ण मौन. गाणं नाही, गुणगुणणं नाही, बोलणंसुद्धा नाही. छातीकडचे अंकुर बेकार होऊन झडतील आणि नवे खाली जातील. पाय मिळतील असं मी सांगत नाही. आधाराने उभं राहण्याइतके मिळू शकतील."

"आणि ती एका दमातली ओळ?" ऋजुताने विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "ती जाईल."

अभिराम हळू आवाजात म्हणाला, "मौन धरू या ना, ऋजू?" आणि अप्पांनी झांजा पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं.

तिने मान डोलावली. त्या क्षणापासून मौन सुरू झालं.

*

मौनात माणसाला फार ऐकू येतं, असं म्हणतात. ऋजुताला ऐकू आलं ते अभिरामच्या गुडघ्यांचं करकरणं, पूर्वाचं दबक्या आवाजात 'उजवा, डावा' म्हणणं, आणि आपला खोकला. तो खोकला मधल्या दिवसांत भरीव झाला होता. आता तो रोज थोडा थोडा पोकळ होत चालला. कफ वर यायला पुन्हा तिसरा, चौथा प्रयत्न लागू लागला.

सांगायचं असेल ते ती फोनवर टाइप करून दाखवायची.

आणि एका दुपारी तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

पूर्वाने किंकाळी फोडली. अभिराम जमिनीवर बसला, त्याने तो अंगठा दोन्ही हातांत धरला आणि "परत, परत," म्हणत राहिला. अंगठा परत हलला. त्याने सगळ्यांना फोन केले. संध्याकाळी केंद्रातल्या प्रत्येकाला पेढा मिळाला. डॉक्टरांना दोन.

ऋजुताने टाइप केलं, 'छान.' त्याने ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या पायाची नखं काढत होता. खिडकीतून हॉस्पिटलच्या आवारातले कडुनिंब दिसत होते. त्याने अंगठ्याचं नख सगळ्यांत शेवटी, फार जपून काढलं. मान वर केली तेव्हा तिने फोन पुढे धरला होता.

'मला गायचंय.'

नेलकटर हातात धरून तो बसला.

"कालच अंगठा हलला," तो म्हणाला.

'हो.'

"आणखी थोडे आठवडे, ऋजू. उभी राहशील. अप्पांची गादी. विसरलीस?"

'उभी राहून गप्प राहू?'

"प्रवचन करत होतीसच की. तसं उभ्याने कर."

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने नजर काढून घेतली. नेलकटर मिटलं, उघडलं, मिटलं.

"त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं आणि मी पाय म्हणालो," तो म्हणाला. "का म्हणालो, माहितेय?"

तिने टाइप केलं, 'मला उभं बघायचं होतं तुला.'

"नाही." त्याचा आवाज फाटला. "मला झोपायचं होतं. सलग. तू स्वतःची कूस स्वतः बदलशील आणि मी झोपीन. एवढंच आलं मनात. तुझं कीर्तन, अप्पा, देव, काही नाही. मला सांगायला लाज वाटते, पण मी थकलोय गं. फार थकलोय."

हे त्याने कधी म्हटलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं. दोघांनीही देवाच्या कृपेने चाललंय असं सगळ्यांना सांगत दिवस काढले होते, आणि कृपा होतीही. पण कृपेचं ओझं कोण उचलत होतं, हे तिने बघायचं टाळलं होतं.

तिने टाइप करायला बोट उचललं, आणि मग फोन मांडीवर उपडा ठेवला.

"अभि," ती मोठ्याने म्हणाली.

तो दचकला. "अगं, बोलू नकोस!"

"बोलणार. रात्रीला बाई ठेवू. उद्यापासून."

"तुला चालत नाही ना—"

"चालवून घेईन. परक्या हाताचा संकोच माझा होता आणि त्याचं जागरण तुला. हे मी आधीच करायला हवं होतं, पायांचं काही होवो न होवो." तिला दम लागला. थोडी थांबून ती म्हणाली, "आणि तू फिरतीला जायचंस. विजापूर, नाशिक, कुठे हवं तिथे. मला कीर्तनाला न्यायला दुसरं कुणी बघू."

"आणि पाय?"

"पाय मिळाले तर मी देवाच्या दाराशी उभी राहीन आणि लोक टाळ्या वाजवतील. एकदा. मग आयुष्यभर मी त्यांच्याकडे तुटक ओळीची माफी मागत राहीन. मला ते नकोय रे. तुला माझे पाय हवे असतील तर स्पष्ट सांग. मी आत्ता गप्प होईन, खरंच होईन. पण मला विचारून सांग. त्या दिवशी विचारलं नाहीस."

अभिरामने नेलकटर खाली ठेवलं. मग त्याने तिचा अंगठा पुन्हा हातात घेतला, किंचित दाबला.

"हा जाईल मग?"

"डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं होईल."

"पेढे फुकट गेले," तो म्हणाला, आणि दोघं हसले. हसता हसता तो रडायला लागला, तर तिने त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. तिला त्याचं ओझं कळत नव्हतं. हाताला त्याचे केस लागत होते, तेवढं कळत होतं.

अप्पांना तिने स्वतः सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तुझा निर्णय. माझी काही हरकत नाही. पण बसून केलेल्याला मी कीर्तन म्हणणार नाही, हे आधीच सांगतो."

"नका म्हणू," ऋजुता म्हणाली. "झांजा घेऊन याल ना?"

"झांजा घेऊन येईन," अप्पा म्हणाले.

*

राहिलेले आठवडे ती गायली. पूर्वा पोटावर वाळूची पिशवी ठेवायची आणि ती श्वासाने ती उचलायची. अंगठा आठवडाभर हलला. मग नुसता थरथरला. मग एका सकाळी अभिरामने चादर सरकवून बराच वेळ पाहिलं आणि चादर पुन्हा घातली. शेवटच्या स्कॅनमध्ये छातीखालची दाटी पक्की झाली होती. "आता हे टिकेल," डॉक्टर समीना म्हणाल्या. "खाली मात्र काही नाही."

चैत्रात तासगावजवळच्या एका वाडीच्या रामाच्या देवळात तिला बोलावणं आलं. देवळाबाहेरच्या फलकावर लिहिलं होतं, 'सुश्राव्य प्रवचन'. ते अप्पांनीच सांगून लिहायला लावलं होतं. ऋजुताने वाचलं आणि खुर्ची आत वळवली.

मंडप भरला. गादीवर चाकाची खुर्ची लावली होती. डावीकडे पेटी, उजवीकडे तबल्यावर अभिराम, त्याच्या शेजारी झांजा घेऊन अप्पा. रात्रीला आता बाई होती, द्वारकाबाई नावाची, हात हलका आणि तोंड बंद असलेली. पण सवय कुठे जाते? द्वारकाबाई कूस बदलायला उठली की शेजारच्या खोलीत अभिरामही उठून बसायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला नाशिकला निघायचं होतं, नव्या कामावर.

ऋजुताने नमनाचा सूर लावला. तो लांबला, आणखी लांबला, देवळाच्या शिखरापर्यंत गेल्यासारखा वाटला, आणि जिथे संपायचा तिथेच संपला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने शेजारणीच्या दंडाला घट्ट धरलं. निरूपण रंगलं. ती हात फिरवायची, मान वळवायची, खुर्चीच्या चाकाला हलका धक्का देऊन दोन वीत पुढे यायची आणि अंतरा संपताना मागे जायची. समेला तळव्याने चाकावर थाप.

पूर्वरंग संपला. नामाचा गजर झाला. या ठिकाणी कीर्तनकाराला बुक्का लावायचा, हार घालायचा आणि वाकून नमस्कार करायचा, अशी रीत. प्रवचनाला ती नसते. देवस्थानचे लोक फलक वाचून आले होते, म्हणून हार ताटात तसाच पडलेला. कुणाला कळेना, उठावं की बसावं.

अप्पांनी झांजा खाली ठेवल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठले, ताट घेतलं. ऋजुताच्या कपाळाला बुक्का लावला. गळ्यात हार घातला. मग हळूहळू, एका हाताने खुर्चीचा दांडा धरून खाली वाकले आणि तिच्या पावलांवर कपाळ टेकलं. गादीवर बसलेल्याला वय नसतं, नातं नसतं. ऋजुताला ते दिसलं. पावलांना काही कळलं नाही.

उठून त्यांनी हात जोडले. "उत्तररंग सुरू करा, बुवा," ते म्हणाले.

आख्यान अप्पांनीच कधी काळी रचलेलं होतं, एका नावाड्याच्या बायकोचं. नवरा तापाने पडलेला असताना ती एकटीच नाव वल्हवते, आणि पैलतीरावरून हाक मारणाऱ्या अनोळखी माणसाला आणायला जाते. ऋजुता सांगत गेली. लोक नदीत उतरले. नावाडीण मध्यधारेत आली तिथे ठेका नसलेला एक श्लोक होता, मोकळ्या सुरात म्हणायचा. त्यानंतर लगेच ठेक्याचं पद.

तिने श्लोक उचलला. पहिला चरण झाला. दुसरा झाला. पदाची तयारी म्हणून तिने सवयीने उजवीकडे पाहिलं.

अभिराम झोपला होता. एक हात डग्ग्यावर, एक तबल्यावर, मान छातीवर. तोंड किंचित उघडं. इतका गाढ की मांडवातला एवढा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

डुलकी घेणाऱ्याची कीर्तनात कधी गय होत नाही. कीर्तनकार एखादा चिमटा काढतो, मांडव हसतो, माणूस जागा होतो. पुढच्या रांगेत खसखस सुरू झालीच होती. पेटीवाला दात दाखवत होता. अप्पांनी कोपराने ढोसायला हात उचलला.

ऋजुताने मान हलवली. नको.

अप्पांचा हात तसाच थांबला.

श्लोकाचा शेवटचा चरण तिने संपवलाच नाही. शेवटच्या अक्षरावर सूर धरला, खाली आणला, अगदी हळू केला, एखाद्याच्या अंगावर पांघरूण घालावं इतका हळू. मग त्याच सुरातून आणखी एक श्लोक काढला, जो त्या आख्यानात नव्हता. नावाडीण मध्यधारेत थांबली. ठेक्याचं पद थांबलं. मंडपातली खसखस विरली, लोक आपोआप श्वास धरून बसले, आणि ऋजुता तसाच लांब, न तुटणारा सूर पुढे नेत राहिली, कारण आता तिच्यापाशी तेवढा श्वास होता.